गल्लीचं फडकं

"वहिनी, फडकं."

उंबऱ्याबाहेर उभा राहून धाकटा एवढंच म्हणाला. थोरलीने हातातली तोटी फळीवर ठेवली, खिळ्याला अडकवलेलं पिवळं फडकं काढलं आणि हात लांब करून त्याला दिलं. त्याने ते घडी घालून काखेत मारलं, मान हलवल्यासारखी केली आणि शेजारच्या बोळात आडवा होऊन शिरला. पोट सुटल्यापासून त्या बोळातून जाताना त्याला श्वास आत ओढून घ्यावा लागे. थोरलीला ते बघून दरवेळी हसू यायचं आणि दरवेळी ती ते गिळून टाकायची. ज्याच्याशी बोलणं नाही त्याच्यावर हसायचं तरी कसं?

दुकानाची वाटणी झाल्यापासून दीर-भावजयीच्या नात्यात एवढे दोनच शब्द उरले होते. सकाळी "वहिनी, फडकं" आणि संध्याकाळी परत देताना "हे फडकं". मध्ये पंधरा-सोळा वर्षं निघून गेली होती. धाकट्याचे केस पांढरे झाले, थोरलीच्या मुलीचं लग्न झालं आणि ती दूर गेली. पण शब्द काही वाढले नाहीत.

गल्ली मुलाम्याची होती. दोन्ही बाजूंना छोटी छोटी दुकानं, आणि प्रत्येक दुकानात दगडी किंवा प्लास्टिकच्या टाक्या. ओबडधोबड पितळी तोट्या, कड्या, बिजागऱ्या, दिव्यांचे खांब आत यायचे ते राख फासल्यासारखे मळके, आणि बाहेर पडायचे ते तोंड बघावं असे लखलखीत. मागे उरायचं ते पाणी. ते हौदात साठायचं आणि हौद भरला की गटारात जायचं. गटार गल्लीमागच्या ओढ्याला मिळायचं. थोरली लग्न होऊन आली तेव्हा त्या ओढ्याच्या तळाचे गोटे दिसत असत. ती आणि तिच्या सासूबाई तिथे पायरीवर बसून चादरी धूत आणि बोटभर मासे येऊन पायाच्या बोटांना टोचत. सासूबाई म्हणायच्या, "पाय हलवू नकोस, त्यांनाही ओळख होऊ दे." पुढे पाणी हिरवट झालं, मग निळसर, आणि मासे कधी दिसेनासे झाले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. पायरी मात्र अजून होती.

बहुतेक दुकानांत निकेलचं काम चाले आणि त्याला अ‍ॅसिड लागे. एखाद्या दुकानात तांब्याचा मुलामा होई आणि त्याला सायनाइड लागे. ही दोन पाणी गटारात एकत्र आली की जी हवा उठते, ती माणसाला "आई गं" म्हणायचीही सवड देत नाही. फार वर्षांपूर्वी एका सकाळी दोन दुकानांनी एकदमच हौद सोडले होते. सासूबाई दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्या बसल्या जागी कलंडल्या. गटाराकाठची मांजर मेली. सासूबाई वाचल्या, पण दोन दिवस त्यांना कुणी ओळखू येईना. बाहेर सगळ्यांनी ऊन लागलं म्हणून सांगितलं, कारण खरं सांगावं तर प्रदूषण खात्याची माणसं येतील, आणि खात्याची माणसं आली की दुकानाला टाळं.

उठून बसल्यावर सासूबाईंनी पहिलं काम काय केलं, तर एक जुनी पिवळी चादर फाडली. "हे फडकं आमच्या खिळ्याला राहील," त्यांनी दारोदार जाऊन सांगितलं. "हौद सोडायचा त्याने इथून न्यायचं, आपल्या दारात लावायचं आणि संध्याकाळी आणून द्यायचं. ज्याच्या दारात फडकं नाही त्याने गटारात थेंब टाकला तर मी स्वतः त्याच्या टाकीत बसेन!" गल्ली हसली, पण तिने ऐकलं. मूळ चादर केव्हाच विरली. फडकी बदलत गेली, रंग तोच राहिला आणि खिळाही तोच. भांडणं असोत, अबोला असो, कोर्टकचेऱ्या असोत, फडकं मागायला प्रत्येकाला थोरलीच्या दारात यावंच लागे.

धाकटा गेला आणि पाठोपाठ समोरच्या दुकानातला अध्यक्ष आला. तो कशाचाही अध्यक्ष नव्हता. दोनदा निवडणुकीला उभा राहिला आणि दोन्ही वेळा पडला, तेव्हा गल्लीने त्याला कायमचं पद देऊन टाकलं.

"थोरले, दुपारी मागच्या गोदामात ये. खात्याच्या नव्या बाई येणार आहेत. नवा नियम समजावून सांगणार म्हणे."

"जुना तरी कुठे समजला होता?"

"म्हणूनच बदलला असेल," अध्यक्ष म्हणाला. "आणि हे बघ, त्यांनी काही विचारलं तर तू गप्प. बोलायचं काम माझं."

"तू बोललास की आम्ही तसेही गप्पच असतो. मध्ये जागा कुठे ठेवतोस?"

गोदामात मॅडम एका उपड्या पिंपावर बसल्या होत्या. तिशी-पस्तिशीच्या असतील. आल्या आल्या त्यांनी खुर्ची नको म्हटलं, आणि खुर्ची आणायला गेलेला अध्यक्ष ती डोक्यावर धरून तसाच उभा राहिला.

"जुना नियम तुम्हाला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "शेकडो माणसांच्या कारखान्याला आणि दोन माणसांच्या दुकानाला एकच माप. प्रत्येकाने पाणी शुद्ध करायची स्वतःची यंत्रं बसवायची आणि दरवर्षी नवी परवानगी काढायची. ती यंत्रं ठेवायला तुमची अख्खी दुकानं पुरली नसती. मग तुम्ही लपवत राहिलात आणि आमचं खातं न बघितल्यासारखं करत राहिलं. ओढा मेला तो आपल्या दोघांच्या मधे."

कुणी खोकलं, कुणी छताकडे बघितलं. खात्याच्या माणसाने "आमचं खातं" असं म्हणून स्वतःकडे बोट दाखवलेलं गल्लीने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

नवा नियम असा होता. गल्लीच्या टोकाला सगळ्यांसाठी मिळून एकच शुद्धीकरण केंद्र बांधायचं. निम्मा खर्च खात्याचा, निम्मा गल्लीने हप्त्याहप्त्याने द्यायचा. परवानगी एकदा मिळाली की बरीच वर्षं चालेल, दरवर्षी खेटे घालायला नकोत. मागे काय केलंत ते कुणी विचारणार नाही. फक्त आपल्याकडे काय काम चालतं ते प्रत्येकाने खरं सांगायचं.

"तुमच्यात सायनाइडचं काम कोण करतं, एवढं मला कळलं पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "त्याप्रमाणे एक नळ टाकायचा की दोन हे ठरेल."

अध्यक्षाने खुर्ची खाली ठेवली. "मॅडम, साधी माणसं आम्ही. निकेल, फार तर क्रोम. विषबिष आमच्याकडे नाही."

"अख्ख्या गल्लीत नाही?"

"औषधालाही नाही."

"मग बोळातल्या गटाराच्या कडेला निळं काय साचलंय?"

"शेवाळ असेल."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "हे बघा, केंद्रात पाणी येऊन एका बंद हौदात थांबतं. दिवसभराचं सगळं तिथे राहतं. वर जाळीवर आमचा नाही, तुमचाच माणूस उभा असणार. म्हणून विचारते. आणि ज्याच्याकडे ते काम आहे त्याच्या खोलीला मोठ्या रस्त्यावर उघडणारी सरळ वाट हवी. काही झालं तर माणसाला पळता आलं पाहिजे. पुढच्या सोमवारी मी परत येईन."

मॅडम गेल्यावर गोदामात गलका झाला. दुसऱ्या नळाचा खर्च सगळ्यांच्या डोक्यावर बसणार होता. "कशाला पाहिजे?" अध्यक्ष म्हणाला. "इतकी वर्षं कुणाला काही झालं का? आपलं फडकं आहे की! ज्याचं त्याने आपल्या दिवशी सोडायचं. नळ एक काय अन् दोन काय."

माना हलल्या. धाकटा मागच्या खांबाला टेकून उभा होता, त्याने हलवली नाही. गल्लीत तांब्याचं काम आता त्याच्या एकट्याकडेच उरलं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही त्याच्याकडे बघत नव्हतं. हाही गल्लीचा एक कायदाच होता. दुसऱ्याच्या टाकीत काय आहे ते आपण सांगायचं नाही. भावाभावांची डोकी फुटली तरी नाही.

थोरली घरी आली आणि भांडी विसळायला बसली. फडकं आहे की! सासूबाईंच्या फडक्याचं असं नाव निघाल्यावर एरवी तिला बरं वाटलं असतं. तिने टबात बुडवून एक ताट काढलं, मग दुसरं. सकाळचं दूध, दुपारची आमटी, सगळं त्या एकाच पाण्यात तरंगत होतं. हात तिथल्या तिथे थांबला.

गटारातलं पाणी वाहून जातं. आज एकाचं गेलं, उद्या दुसऱ्याचं जाईल, वाटेत त्यांची गाठ पडत नाही. फडकं चालत होतं ते त्यामुळे. पण मॅडम म्हणाल्या तो हौद होता. तिथे सकाळचं पाणी दुपारच्या पाण्याची वाट बघत बसणार. फडकं दारात असलं काय अन् नसलं काय. आणि जाळीवर उभा कोण? अध्यक्षाने आपल्या जावयाचं नाव त्या कामासाठी गोदामातच सांगून टाकलं होतं.

संध्याकाळी धाकटा फडकं द्यायला यायची वेळ झाली. थोरली थोडा वेळ थांबली, मग स्वतःच उठली आणि बोळात शिरली. फडकं आणायला ती कधी कुणाच्या दारात गेली नव्हती. बोळ ती समजत होती त्याहून अरुंद निघाला. एका बाजूची भिंत ओली, पायाखाली गटारावरच्या फरश्या डुगडुगत. अर्ध्या वाटेवर तिचाही श्वास आपोआप आत ओढला गेला.

"अगंबाई! जाऊबाई?" धाकटी दारातच होती. तिचा चेहरा असा फुलला की थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो, बघा तरी कोण आलंय! बसा, या स्टुलावर बसा. थांबा, पुसते."

धाकटा हातमोजे काढत पुढे आला. "फडकं मी आणून देणारच होतो."

"आज मीच आले."

"उशीर नाही झालेला."

"झाला असं मी म्हटलंय का?"

एवढं बोलून दोघांचंही बोलायचं सामान संपलं. खोलीत एकच खिडकी होती, बोळाकडची. मागच्या भिंतीला लागून टाक्या मांडलेल्या. त्यांच्यावरून वाफ उठत होती. पलीकडे ती दुसरी भिंत, जिच्या अल्याड हा आणि पल्याड थोरली. वाटणी ठरली त्या दिवशी धाकट्याने ती एकट्याने बांधली होती. गवंडीही बोलावला नव्हता.

"भावजी, सांगून टाका," थोरली म्हणाली.

"काय?"

"मॅडमना. तुमच्या टाकीचं."

"कुठली टाकी?"

धाकटी तोंडावर हात धरून हसायला लागली. "अहो, ती काय उंदीर आहे का, कपाटामागे लपवायला? त्यांच्या नाकासमोर आहे!"

धाकट्याने बायकोकडे डोळे वटारून बघितलं, पण आता नाकारण्यात अर्थ नव्हता. "कोपऱ्यावरच्याने सांगितलं होतं, आठवतंय ना?" तो म्हणाला. "त्या वेळच्या साहेबांनीही असंच म्हटलं होतं, मागचं विचारणार नाही. भला माणूस, सगळं खरं सांगून मोकळा झाला. चौथ्या दिवशी दाराला सील. सील अजून आहे, गंजून गेलंय. तो कुठे गेला कुणाला ठाऊक आहे?"

"तेव्हाचा नियम वेगळा होता."

"नियम वेगळा, खातं तेच. अहो, साधू झालेला चोर असला तरी कुलूप लावूनच झोपायचं असतं."

"या बाई तशा वाटत नाहीत."

"मलाही वाटत नाहीत," धाकटा म्हणाला, आणि ते इतकं सरळ म्हणाला की थोरलीने मान वर केली. "खोटं कशाला बोलू? त्यांनी आमचं खातं म्हटलं तेव्हा मला वाटलं, उठावं आणि सांगावं. पण मग त्या वाटेवर आल्या. मोठ्या रस्त्यावर उघडणारी सरळ वाट. माझी वाट कुठाय? हा बोळ? सांगितलं तरी टाळं आणि लपवलं तर उद्या कधीतरी..." तो थांबला. "वाट मी मागितली होती, वहिनी."

धाकटीचं हसू विरलं. ती उगाचच स्टूल पुसत राहिली.

मागितली होती. थोरलीला ते शब्द, ती दुपार, सगळं जसंच्या तसं आठवलं. नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता. गल्लीतल्या मोठ्या माणसांनी निवाडा केला, की पुढचा भाग बाईला द्यावा, गिऱ्हाईक रस्त्यावरून येतं, तिच्या हाताला काम राहील. धाकटा मागच्या भागाला कबूल झाला. फक्त पुढून जायला-यायला वाट द्या म्हणाला. आणि ती म्हणाली होती, "वाट दिली की दुकानात माझं काय उरलं?" घाबरली होती ती. ज्याच्या नावाने दुकान चाले तो माणूस गेला होता, आणि तिला वाटलं होतं, आज वाट मागतात, उद्या दार मागतील. मागे कोंडल्यावर धाकट्याकडे रस्त्यावरचं गिऱ्हाईक येईना. मग जे काम कुणी अंगावर घेत नव्हतं ते त्याने घेतलं.

तिने फडकं उचललं. "येते," म्हणाली.

"चहा तरी..." धाकटी म्हणाली.

"पुढच्या खेपेला."

"पुढची खेप आहे का, पण?" धाकटीने विचारलं. थोरली बोळात शिरली.

पुढचे दोन-तीन दिवस ती दुकानात बसून दाराकडे बघत राहिली. तोट्या घासायला आलेली बाई म्हणालीसुद्धा, "काय हो, दाराला काय झालंय? मोडायला झालंय का?" झालं काहीच नव्हतं. वाट काढायची तर ती कुठून निघेल, एवढंच थोरली बघत होती. उजवीकडे तिच्या टाक्या होत्या, त्या हलण्यासारख्या नव्हत्या. डावीकडे भिंतीला लागून नवऱ्याचा बाक होता. आयुष्यभर तो त्या बाकावर बसून तोट्या चमकावत आला. कोपरं टेकून टेकून लाकडाला दोन खळगे पडले होते. थोरली आता स्वतः तिथे बसे, पण तिची कोपरं त्या खळग्यांत कधी बसली नाहीत. नवरा लांब हाताचा होता.

वाट निघाली असती ती तिथूनच.

सोमवारी मॅडम आल्या, पिंपावर बसल्या आणि एकेकाला विचारू लागल्या. निकेल. निकेल. निकेल आणि क्रोम. अध्यक्ष प्रत्येक उत्तरावर "बरोबर" म्हणत होता, जणू त्याने शिकवलेली मुलं परीक्षेला बसली होती. धाकटा मागे खांबापाशी उभा होता. त्याची पाळी शेवटी होती.

"तुमच्याकडे?" मॅडमनी थोरलीला विचारलं.

"निकेल," थोरली म्हणाली. "आणि आमच्याकडे सायनाइडही आहे. तांब्याचं काम."

अध्यक्ष "बरोबर" म्हणता म्हणता अडखळला.

"थोरले, काय बोलतेस?" अध्यक्ष हलक्या आवाजात म्हणाला. "तुझ्याकडे कधी होतं तांब्याचं काम?"

"आमच्या दुकानात आहे," थोरली म्हणाली. "पुढच्या भागात निकेल, मागच्या भागात तांबं. मागच्या खोलीची वाट पुढच्या दारातून आहे. म्हणजे आज नाही, पण करून देणार आहे." मग तिला राहवलं नाही. ती अध्यक्षाकडे वळली. "आणि तू जावयाला त्या हौदाच्या जाळीवर उभा करणार आहेस ना? मुलीला विचारून ठेव, एका नळावर भागेल का म्हणून."

अध्यक्षाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. असं त्याचं पूर्वी झालं नव्हतं, म्हणून मिटायचं कसं हेही त्याला सुचेना.

मागून धाकट्याचा आवाज आला. "टाकी माझी आहे, मॅडम." तो खांब सोडून पुढे आला होता. "त्यांची नाही. त्यांनी उगाच अंगावर घेतलंय. जे काय असेल ते माझ्या नावावर लिहा."

"दार माझं आहे," थोरली म्हणाली.

मॅडमनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. "मला एवढंच सांगा, दुकान एक आहे की दोन?"

थोरली खाली जमिनीकडे बघत होती. हे उत्तर द्यायचा हक्क आपला नाही, एवढं तिला कळत होतं.

"एक," धाकटा म्हणाला.

मॅडम त्याच दिवशी जागा बघायला आल्या. बोळ बघितला, खिडकी बघितली, मग मधल्या भिंतीपाशी येऊन त्यांनी ती वरपासून खालपर्यंत हाताने ठोकली.

"पाडूया ना?" थोरलीने विचारलं. आदल्या रात्रीच तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"छे! पाडता कशाला?" मॅडम म्हणाल्या. "एका छपराखाली अ‍ॅसिड आणि सायनाइड ठेवायचं तर मध्ये अशी पक्की भिंत लागतेच. नसती तर मीच बांधायला सांगितली असती. फक्त कडेने वाट काढा. कुणी बांधली? काम चांगलं आहे."

"मीच," धाकटा भिंतीकडे बघत म्हणाला.

धाकटीने पदर तोंडात कोंबला, तरी हसू फुटलंच. "म्हणजे इतकी वर्षं आपण नियमाप्रमाणेच भांडत होतो म्हणायचं!"

थोरलीचा ओठ हलला. धाकट्याने पटकन तोंड फिरवलं, पण त्याची पाठ हसत होती.

वाट काढायच्या दिवशी बाक हलवावा लागला. धाकटा आला, बाकापाशी थांबला आणि त्याने कोपरांच्या खळग्यांवरून हात फिरवला.

"दादाचा बाक?"

"वाट इथूनच निघते, भावजी."

"दुसरीकडून नाही जमणार?"

"बघून झालंय."

एक बाजू त्याने उचलली, दुसरी तिने. बाक मागच्या खोलीत मावेना, पुढे जागा उरली नाही. शेवटी तो बाहेर दाराशेजारी पागोळीखाली ठेवला. पावसाचं पाणी लागून त्याचं लाकूड फुगणार हे दोघांनाही दिसत होतं. वरून प्लास्टिकचा कागद बांधू, धाकटा म्हणाला. बांधलाही. वाऱ्याने तो फाटला.

केंद्र व्हायला वर्ष लागलं, सांगितलं होतं त्याच्या दुप्पट. दोन नळ टाकले, एक निळा आणि एक लाल. खर्चावरून गल्लीत रोज वादावादी होई आणि दोन दुकानांना हप्ता झेपेना, ती बंद पडली. अध्यक्षाचा जावई जाळीवर उभा राहू लागला. आपण पहिल्यापासून दोन नळांच्याच बाजूने होतो असं अध्यक्ष आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. ओढ्याच्या वरच्या अंगाला जो मोठा कारखाना होता, त्यालाही नव्या नियमाने, आपण कसलं पाणी सोडतो ते स्वतःच लिहून द्यायची सवलत मिळाली होती. त्याने काय लिहून दिलं कुणाला माहीत. ओढ्याचं पाणी निळ्याचं करडं झालं. मासे आले नाहीत. पण पायरीवर बसता येऊ लागलं, नाक दाबावं लागत नव्हतं. थोरली कधीमधी तिथे जाऊन बसे, पण पाय पाण्यात सोडत नसे.

कोपऱ्यावरच्या दुकानाचं सील मॅडमनी स्वतः येऊन काढायला लावलं. आत टाक्यांना भोकं पडली होती. त्या माणसाला शोधायला त्यांनी बरीच खटपट केली. तो काही आला नाही.

धाकट्याला परवानगी मिळाली. त्याची गिऱ्हाइकं आता पुढच्या दाराने येत, थोरलीच्या टाक्यांना वळसा घालून मागे जात. दिवसातून चारदा धाकटी त्या वाटेने जाई आणि चारही वेळा थांबून बोले. थोरलीला आधी त्याचा त्रास झाला, मग सवय झाली, आणि एक दिवस धाकटी माहेरी गेली तेव्हा दुकान खायला उठलं. धाकटा मात्र सकाळी खाली मान घालून आत जाई आणि संध्याकाळी तसाच बाहेर पडे. बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. फडकं मागायचं कारण संपलं होतं. प्रत्येकाचं पाणी ज्याच्या त्याच्या नळाने जाई, केव्हाही, कुणाला न विचारता. थोरलीच्या दारात आता कुणी येत नव्हतं. फडकं खिळ्यावर धूळ खात होतं. तिने ते एकदा धुतलं आणि परत तिथेच अडकवलं, कारण दुसरी जागा सुचेना.

मग एका सकाळी धाकटा आत जाता जाता थांबला. थोरली तोटी पुसत होती.

"वहिनी," तो म्हणाला. "फडकं."

तिने वर बघितलं. "आता कशाला?"

धाकट्याने आपले दोन्ही हात पुढे करून बघितले. ते कोरडे होते. "हात पुसायला," तो म्हणाला.

थोरली उठली, खिळ्यावरून फडकं काढलं आणि हात लांब न करता, दोन पावलं चालत जाऊन त्याच्या हातात दिलं. त्याने हात पुसले, नीट, एकेक बोट. मग इतक्या वर्षांच्या सवयीने ते नेऊन दाराच्या कडीला अडकवलं आणि तो मागे कामाला निघून गेला.

समोर अध्यक्ष आपल्या हौदाची चावी सोडायला वाकला होता. त्याची नजर दारावरच्या पिवळ्या फडक्यावर गेली. निळा नळ त्याचा आणि लाल नळ धाकट्याचा, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने चावीवरचा हात काढून घेतला, रस्ता ओलांडून आला आणि थोरलीच्या दाराशेजारच्या, पावसाने फुगलेल्या बाकावर फडकं निघायची वाट बघत बसून राहिला.